पुनर्वाचन हा पळपुटेपणा नव्हे: ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’कडे परतणाऱ्या वाचकांच्या बाजूने

महालकर

‘नवे पान’ यांनी मागच्या आठवड्यात या चर्चापानावर लिहिलेल्या टिपणाचा आशय थोडक्यात असा होता: जी माणसे टॉल्किन यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही इंग्रजी कादंबरी दर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा उघडून बसतात, ती वाचनावर प्रेम करणारी नसून वाचनाला भिणारी आहेत, शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीत त्यांना सुरक्षित वाटते, आणि ज्या वेळात ती तेच हजारेक पानांचे बाड पुन्हा संपवतात, त्या वेळात चार-पाच नवी मराठी पुस्तके सहज वाचून झाली असती. मी हे टिपण वाचून सोडून देणार होतो. परंतु त्याखाली ‘अगदी मनातले बोललात’ अशा प्रतिक्रियांची रांग लागलेली पाहिली आणि आता गप्प बसणे म्हणजे आरोप मान्य करणे ठरेल असे वाटले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हे पुस्तक एका वाचनात पूर्ण वाचताच येत नाही, हे माझे मुख्य म्हणणे आहे. दुष्ट सत्तेची अंगठी नष्ट करण्याचे काम ज्याच्यावर येते, तो फ्रोडो दुसऱ्याच प्रकरणात चिडून म्हणतो की, ती अंगठी त्याला देणाऱ्या बिल्बोला संधी मिळाली होती तेव्हाच त्याने तिचा आधीचा मालक गॉलम याला मारून टाकायला हवे होते, आणि जादूगार गॅन्डाल्फ त्याला दयेविषयी चार शब्द सुनावतो. प्रथम वाचणाऱ्याला हा वडीलधाऱ्या माणसाचा उपदेश वाटतो आणि तो पान उलटून पुढे जातो, कारण त्याचे लक्ष काळे घोडेस्वार कधी येतात याकडे असते. शेवटी अग्निपर्वताच्या कड्यावर फ्रोडो अंगठी टाकू शकत नाही, ती आपलीच असल्याचे सांगून बोटात चढवतो, आणि जे काम त्याच्या हातून झाले नाही ते गॉलमच्या हव्यासामुळे होऊन जाते. तेव्हा कुठे वाचकाला कळते की, बिल्बोने, नंतर फ्रोडोने आणि अगदी शेवटच्या चढणीवर फ्रोडोचा माळी आणि सोबती सॅम यानेही त्या किळसवाण्या जिवाला सोडून दिले नसते, तर सारी मोहीम फसली असती. हे कळल्यानंतर दुसरे प्रकरण पुन्हा वाचून पाहावे. शब्द तेच असतात, पण ज्याला आपण उपदेश समजलो होतो त्यावरच संपूर्ण कथेचा भार तोललेला दिसतो. टॉल्किन यांनी हे लेखन १९३७ च्या अखेरीस हाती घेतले आणि ते १९४९ पर्यंत चालले. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच सांगितले आहे की, शेवट हाती लागल्यावर कथेचा बराचसा भाग मागे मागे जात पुन्हा लिहावा लागला. लेखकाने जे शेवटाकडून सुरुवातीकडे लिहिले, ते वाचकाने शेवट ठाऊक असताना वाचावे, यात भित्रेपणा कोठून आला?

शिवाय उत्कंठा संपली की कथा संपली, हा समज आपल्याकडचा नाही. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या देवळांत कीर्तनाला बसणाऱ्यांपैकी हरिश्चंद्राचे पुढे काय झाले हे कोणाला ठाऊक नसते? तरीही आख्यान स्मशानापर्यंत आले की माणसे पुढे सरकून बसतात. पुढे काय होणार याची चिंता नसते म्हणूनच, जे होत आहे त्याकडे त्यांना नीट पाहता येते.

नवे पान

महालकर, आपले उत्तर चांगले आहे, पण ते माझ्या प्रश्नाचे नाही. दुसऱ्यांदा वाचण्याला माझा आक्षेप नव्हताच. दुसऱ्या प्रकरणाविषयी आपण जे लिहिले ते मान्य केले, तरी त्यातून दुसरे वाचन सिद्ध होते, सातवे किंवा दहावे नव्हे. एकदा उमगलेली रचना पुन्हा उमगत नाही.

मी पश्चिम नागपुरातल्या एका वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीचे काम करते, त्यामुळे वाचक काय वाचतात हे मला अंदाजाने नव्हे, तर रोजच्या कामातून दिसते. विदर्भातल्या एखाद्या लेखिकेचा नवा कथासंग्रह येतो. त्याला खाकी कव्हर घालून, शिक्का मारून, क्रमांक टाकून आम्ही तो दाराजवळच्या मांडणीत ठेवतो, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तक्त्यात एकाही तारखेचा शिक्का उमटलेला नसतो. ज्या वाचकांना मी हा संग्रह हाताने पुढे करते, ते नम्रपणे तो परत ठेवतात आणि ‘सध्या जुनेच वाचतो आहे’ असे सांगतात. हीच माणसे सभासमारंभात ‘मराठीत नवे काही येत नाही’ अशी खंतही व्यक्त करतात. माझा राग कोणा एका इंग्रजी कादंबरीवर नाही. ज्या वाचकाकडे शक्ती आहे, इंग्रजीतले एवढे अवघड पुस्तक पेलण्याची तयारी आहे, तोच वाचक आपल्या भाषेतल्या नव्या लेखकाला अर्धा तासही देत नाही, यावर माझा राग आहे.

आणि कीर्तनाचे उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते. चांगले बुवा तेच आख्यान दोनदा सारखे लावत नाहीत. समोर कोण बसले आहे ते पाहून त्यांचा पूर्वरंग बदलतो, दाखले बदलतात, एखादा प्रसंग लांबतो, एखादा आटोपता घेतला जातो. पुस्तकातले एक अक्षरही बदलत नाही.

रात्रपाळी

पुस्तकातले अक्षर बदलत नाही हे खरे आहे, परंतु ते वाचणारी मी तीच राहिलेली नाही, आणि ‘नवे पान’ यांच्या युक्तिवादातून हीच गोष्ट सुटली आहे.

मी परिचारिका आहे. महाविद्यालयात असताना चित्रपट पाहून मी हे पुस्तक हाती घेतले आणि खरे सांगायचे तर लढायांसाठी वाचले. शेवटच्या प्रकरणांचा मला कंटाळा आला होता, कारण अंगठी नष्ट झाल्यावरही इतकी पाने का शिल्लक आहेत हे मला समजले नव्हते. पुढे माझ्या वडिलांची हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम पार पडली, जखम भरली, तपासण्या चांगल्या आल्या, नातेवाइकांनी पेढे वाटले. पण बाबा पूर्वीचे राहिले नाहीत. ते एकटे असताना भिंतीकडे पाहत बसत आणि आमची चाहूल लागली की वर्तमानपत्र उघडत. त्या काळात, वॉर्डातली गडबड पहाटे निवली की, मी हे पुस्तक पुन्हा वाचायला घेतले होते.

शेवटच्या प्रकरणात एक अगदी लहान परिच्छेद आहे. युद्ध संपून वर्ष होत आलेले आहे. सॅम झाडे लावण्याच्या कामासाठी परगावी गेला आहे. १३ मार्चला, म्हणजे त्या प्रचंड कोळिणीने फ्रोडोला दंश केला त्याच तारखेला, शेतकरी कॉटनला फ्रोडो अंथरुणावर पडलेला दिसतो. त्याने गळ्यातल्या साखळीतला पांढरा खडा मुठीत घट्ट धरला आहे, आणि ते कायमचे गेले, आता सारे अंधारलेले आणि रिकामे आहे, असे काहीतरी तो अर्धवट भानावर असताना बोलतो. सॅम २५ तारखेला परततो तोवर फ्रोडो सावरलेला असतो आणि स्वतःविषयी त्याला काहीच सांगत नाही. ज्याने त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढला, त्या सॅमलाही कळत नाही! महाविद्यालयात असताना हा परिच्छेद माझ्या डोळ्यांखालून नक्कीच गेला असणार, पण त्याची आठवणसुद्धा माझ्याजवळ नव्हती. त्या पहाटे मी तो वाचला आणि पुस्तक मिटून घरी फोन लावला.

टॉल्किन स्वतः १९१६ च्या सॉमच्या लढाईत होते. खंदकज्वराने आजारी पडून ते मायदेशी परतले. १९१८ पर्यंत त्यांच्या जवळच्या मित्रांपैकी एक सोडून सगळे मरण पावले होते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. आपली कथा म्हणजे कोणत्याही युद्धाचे रूपक नव्हे असे ते निक्षून सांगत, आणि मी त्यांच्या शब्दाला मान देते. परंतु बरे झालेले दिसणारे माणूस बरे झालेले नसते, हे ज्याने जवळून पाहिले नाही त्याला तो परिच्छेद तसा लिहिता आला नसता. म्हणून ‘सुरक्षित वाटते म्हणून परततात’ हे वाक्य मला फार लागले. ज्याने घर वाचवले त्यालाच त्या घरात राहवत नाही, असा शेवट असलेल्या पुस्तकात कोणती सुरक्षितता आहे?

तर्ककर्कश

‘रात्रपाळी’ यांच्या वडिलांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे, पण अनुभव हृद्य असला म्हणजे युक्तिवाद सिद्ध होतो असे नाही. त्या परिच्छेदाने त्यांना जे दिले ते दुसऱ्या कोणत्याही चांगल्या कादंबरीतल्या आजारपणाने दिले असते. हे पुस्तक आधीपासून घरात होते, म्हणून ते हाती आले.

माझे मत असे आहे की, बहुतेक वाचक पुस्तकाकडे परतत नाहीत, तर ज्या वयात ते पहिल्यांदा वाचले त्या वयाकडे परततात. सोळाव्या-सतराव्या वर्षी वाचलेले पुस्तक माणसाला आयुष्यभर थोर वाटते, आणि त्या थोरपणाची कारणे तो पुढे वय वाढेल तशी शोधत जातो. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९५६ सालीच या कादंबरीला पोरकट ठरवले होते. ऑडनसारखा मोठा कवी दुसऱ्या बाजूला होता हे मला माहीत आहे आणि ते मी लपवत नाही. पण आपल्या खऱ्या आयुष्यात कोण चांगला आणि कोण वाईट हे ठरवता ठरवता नाकी नऊ येतात, आणि तेथे ते आधीच ठरलेले असते, हे परतण्याचे खरे कारण आहे.

महालकर

अंगठीचा मोह झालेला बोरोमिर चांगला की वाईट? त्याचे वडील डेनेथॉर? ज्ञानी म्हणून ज्याचा सगळ्यांना आदर होता तो सारुमन? गॉलमविषयी तर मी वर लिहिलेच आहे. ‘आधीच ठरलेले असते’ हे वाक्य पुस्तक न वाचताही लिहिता येते.

तर्ककर्कश

मी पुस्तक वाचले आहे, आणि एकदाच वाचले आहे. त्यामुळे माझे मत कमी दर्जाचे ठरते, असे आपल्याला सुचवायचे असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

कडुनिंब

येथे चित्रपटांचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. चित्रपटांनी या कथेची सर्वांत महत्त्वाची प्रकरणे गाळली आणि तेव्हापासून लोकांना वाटते की, अंगठी वितळली, राजाचा अभिषेक झाला आणि सगळे आनंदाने घरी गेले. पुस्तकात फ्रोडो, सॅम आणि त्यांचे दोन सोबती शायर या आपल्या मुलखात परततात तेव्हा त्यांचे गाव उजाड झालेले असते. जुनी गिरणी पाडून तिच्या जागी धूर आणि घाण ओकणारी मोठी इमारत उभी असते, रस्त्याकडेची झाडे तोडलेली असतात, आणि ती कोणत्याही कामासाठी तोडलेली नसतात. शत्रूचा मुलूख मॉर्डोर पार करून आलेला, उपासमारीत आणि तहानेत न रडलेला सॅम कोठे रडतो, तर बिल्बोच्या वाढदिवसाची मेजवानी ज्या झाडाखाली झाली होती ते झाड आडवे पडलेले पाहून.

आमच्या वस्तीत रस्त्याचे सिमेंटीकरण झाले तेव्हा कडेचे कडुनिंब गेले. ते माझ्या आजोबांच्या वेळेपासूनचे होते. ज्या गावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, जेथे दुपारी चार घरांतल्या बायका, भाजीवाला आणि पोस्टमन त्याच सावलीत थांबत, तेथे एका सकाळी करवत आली आणि संध्याकाळपर्यंत बुंध्यांभोवती फक्त भुसा उरला. आम्ही अर्ज केले, सह्या गोळा केल्या, कार्यालयात हेलपाटे घातले. नवी झाडे लावू असे उत्तर मिळाले. जी रोपे लावली त्यांना सिमेंटच्या मधोमध विताएवढी माती ठेवली होती, त्यातले एकही पहिला उन्हाळा काढू शकले नाही. फांद्या तोडण्याची परवानगी घेऊन बुंधा कापणाऱ्यांना या शहरात कोणी जाब विचारत नाही, आणि ज्यांनी विचारायचा ते त्या वेळी उद्घाटनाच्या फिती कापत असतात.

तर्ककर्कश

आपले दुःख खरे आहे, पण चर्चा पुनर्वाचनाची आहे. रस्त्यांविषयी वेगळा धागा काढावा.

कडुनिंब

मी पुनर्वाचनाविषयीच लिहिले आहे. आपण ते वाचले नाही. तोडलेल्या प्रत्येक लाडक्या झाडाच्या जागी सॅम रोप लावतो आणि गॅलाड्रिएलने दिलेल्या डबीतल्या मातीचा एकेक कण त्याच्या मुळाशी घालतो. डबीतले एकुलते एक चंदेरी बी तो त्या पडलेल्या झाडाच्या जागी पुरतो. ही पाने मी ज्या वर्षी वाचतो त्या वर्षी मला पुन्हा अर्ज लिहिण्याचे बळ येते. वाचून काही उपयोग होतो का असे कोणी विचारले तर माझे उत्तर एवढेच आहे. वेगळा धागा मी काढणार नाही!

उत्तर नागपूर

परत जावे की जाऊ नये याची बरीच चर्चा झाली. ज्या जगाकडे आपण परतता ते कोणाचे जग आहे, हे मात्र कोणीच विचारलेले नाही.

त्या जगात माणसाची योग्यता त्याच्या वंशावळीत लिहिलेली असते. राजा परततो, कारण तो राजाच्या कुळातला आहे. त्याच्या हाताला रोग बरा करण्याचा गुण आहे, कारण ते राजाचे हात आहेत. बोरोमिरचा भाऊ फॅरामिर याच्यासारखा सज्जन आणि विचारी माणूससुद्धा फ्रोडोला माणसांच्या तीन पायऱ्या समजावून सांगतो: वरचे पश्चिमेचे लोक, मधले संधिप्रकाशातले लोक, आणि खालचे अंधारातले रानटी लोक. या पायऱ्या मी जेथे वाढलो तेथे कोणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. आणि सगळ्यांत खाली शत्रूच्या फौजेतले ऑर्क. ते जन्मतःच वाईट, कुरूप, वाकड्या पायांचे. त्यांना मारताना कोणाचा हात अडखळत नाही, किती मारले याची दोन नायक आपसांत मोजदाद करतात आणि वाचक त्यात रमतो. मीही रमलो होतो. सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेली प्रत मी वसतिगृहात एका सुटीत वाचून संपवली होती.

या कादंबरीचा तिसरा खंड ऑक्टोबर १९५५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यानंतर एक वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आपल्या याच गावात लाखो माणसांनी बाबासाहेबांबरोबर, जन्मावरून लायकी ठरवणाऱ्या व्यवस्थेला कायमचा निरोप दिला. माझे आजोबा त्यांत होते. म्हणून मला विचारावेसे वाटते की, ज्या शहरात ही गोष्ट घडली त्या शहरातल्या वाचकांना, रक्ताच्या शुद्धतेवर उभ्या असलेल्या राज्याकडे पुन्हा पुन्हा जाऊन नेमके काय मिळते?

महालकर

प्रत्येक चर्चेत हा मुद्दा आणलाच पाहिजे का? साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश प्राध्यापकाच्या कादंबरीत आपली जातिव्यवस्था शोधणे हा तिच्यावर अन्याय आहे.

तरीही पुस्तकातल्या पुराव्यानेच उत्तर देतो. ज्या माणसात पश्चिमेचे रक्त जवळजवळ शुद्ध वाहते असे गॅन्डाल्फ म्हणतो, तो डेनेथॉर आहे, आणि तोच निराश होऊन जिवंत मुलासह स्वतःला जाळून घ्यायला निघतो. परिशिष्टात गोंडोर या माणसांच्या राज्यातल्या यादवीची हकिगत आहे. आई परक्या कुळातली म्हणून एका राजाला नाकारून ज्यांनी बंड केले, त्यांनी गादीवर बसवलेला कास्टामिर क्रूर निघाला आणि त्याने स्वतःची राजधानी उद्ध्वस्त केली. आणि ज्या फॅरामिरच्या तीन पायऱ्या आपण सांगितल्या, तोच त्याच संध्याकाळी सांगतो की, आमच्या राजांनी जिवंत माणसांच्या घरांपेक्षा थडगी सुंदर बांधली आणि मुलांच्या नावांपेक्षा वंशावळीतली जुनी नावे त्यांना प्रिय झाली, म्हणून राज्य बुडाले. रक्ताचा अभिमान माणसाला कोठे नेतो हे याहून स्पष्ट कोणत्या कादंबरीने सांगितले आहे? टॉल्किन यांना १९३८ साली एका जर्मन प्रकाशकाने आर्य वंशाचे असल्याबद्दल विचारणा केली होती, तेव्हा त्यांनी लिहिलेल्या उत्तराच्या मसुद्यात, त्या गुणी ज्यू लोकांपैकी आपले कोणी पूर्वज नाहीत याची खंत वाटते, असे म्हटले आहे. ज्याच्यावर आपण आरोप करता तो माणूस असा होता.

उत्तर नागपूर

‘प्रत्येक चर्चेत आणलाच पाहिजे का’ हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलो आहे. हा मुद्दा आम्ही आणत नाही. आम्ही खोलीत येण्याआधीपासून तो तेथे असतो, आणि आम्ही त्याचे नाव घेतले की तो आम्हीच आणला असे ठरते. आपण कीर्तनाचा दाखला दिलात, तेव्हा मी असे विचारले नव्हते की, त्या देवळात माझ्या आजोबांना बसायला कोठे जागा होती. आता विचारतो.

१९३८ चे पत्र मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल मला लेखकाविषयी आदर आहे. पण पत्राने माणूस कळतो, पुस्तक सुटत नाही. आणि मी आरोप केला, म्हणजे पुस्तक फेकून दिले असा आपला समज झालेला दिसतो. तसे नाही. हे पुस्तक मीदेखील पुन्हा पुन्हा वाचतो.

चौथ्या भागाच्या शेवटी सॅम अंधारात लपून दोन ऑर्क नायकांचे बोलणे ऐकतो. शॅग्रॅट आणि गोर्बाग हे दोघे थकलेले आहेत, वरिष्ठांना कंटाळलेले आहेत, बोलताना कोणी ऐकत नाही ना याची त्यांना धास्ती आहे. त्यातला एक म्हणतो की, युद्ध संपले की, चार विश्वासू गडी घेऊन कोठेतरी निघून जाऊ, जेथे डोक्यावर कोणी मोठे साहेब नसतील. ते तेथेही लूटमारच करणार आहेत, हे मला दिसते. पण साहेब नसलेली जागा हवीशी वाटणे हे ज्याला ‘जन्मतःच वाईट’ ठरवले त्या जिवाच्या तोंडी आले आहे, आणि लेखकाने ते लिहिले, आणि त्यानंतर पुन्हा कोणीही त्या दोघांना काही विचारले नाही. ते एकमेकांना मारून टाकायला उठतात आणि कथा पुढे जाते. मी त्या पानाकडे जातो ते प्रेमाने नव्हे. माझे त्या पानाशी भांडण आहे आणि ते मिटलेले नाही.

रात्रपाळी

याच्याशी जोडून एक जागा सांगते. इथिलियनच्या रानात दक्षिणेकडचा एक सैनिक सॅमच्या पुढ्यात मरून पडतो. त्याचा तुटलेल्या तलवारीची मूठ धरलेला सावळा हात सॅमला दिसतो, आणि सॅमला प्रश्न पडतो की, याचे नाव काय असेल, हा मनाने खरोखर दुष्ट होता की कोणाच्या तरी थापांनी किंवा धमक्यांनी घरापासून इतक्या लांब आला, आणि याला घरी स्वस्थ राहायलाच आवडले नसते का. चित्रपटात हे विचार दुसऱ्याच्या तोंडी घातले आहेत. पुस्तकात ते माळ्याचे आहेत, सरदाराचे नाहीत.

उत्तर नागपूर

ती जागा मला फार आवडते. परंतु सॅमविषयी बोलायचे तर तेही पूर्ण बोलू. तो फ्रोडोला शेवटपर्यंत मालक म्हणतो. त्याचे शौर्य, त्याची भूक, त्याची तहान सगळी मालकाच्या कामी येते. पुढे तो सात वेळा शायरचा महापौर होतो हे परिशिष्टात आहे, आणि फ्रोडोचे घरदार त्यालाच मिळते, हेही खरे. पण ते मिळते कसे? मालकाने जाताना दिले म्हणून. निष्ठेचे बक्षीस आणि हक्क यांत फरक आहे, आणि हा फरक ज्यांना बक्षिसेच मिळत आली त्यांना लवकर कळतो.

महालकर

बक्षीस आणि हक्क यांतला फरक मला मान्य करावा लागतो, जरी त्यावरून पुस्तकाचा निकाल लावणे मला मान्य नाही. कीर्तनाविषयी आपण जे विचारले त्याला माझ्याजवळ उत्तर नाही.

आता ‘नवे पान’ यांनी विचारले होते की, रचना एकदा उमगल्यावर पुढच्या वाचनांत नवे काय सापडते. कालच्या चर्चेनंतर मी रात्री सहाव्या भागाचे पहिले प्रकरण काढले. सॅम एकटा आहे, अंगठी त्याच्या गळ्यात आहे, आणि ती त्याला दाखवते की, तो महाबलाढ्य झाला आहे, त्याच्या हुकमाने फौजा चालत आहेत आणि मॉर्डोरच्या उजाड पठाराची बाग झाली आहे. सॅम ते नाकारतो. एका स्वतंत्र माळ्याला पुरेल एवढी लहान बाग हीच आपली गरज आणि आपले देणे आहे, राबायला स्वतःचे हात हवेत, हुकूम सोडायला दुसऱ्यांचे हात नकोत, असे त्याला मनोमन ठाऊक असते. हे वाक्य मी अनेकदा वाचले आहे. त्याचा अर्थ मी आजवर ‘साधा माणूस साध्यात समाधानी असतो’ असाच घेत आलो. ‘उत्तर नागपूर’ यांचा आक्षेप डोक्यात असताना ते वाचले तेव्हा लक्षात आले की, ज्याच्यावर पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याने हुकूम सोडला आहे असा माणूस हुकूम सोडण्याची संधी मिळाली असता ती घेत नाही, आणि स्वतःला स्वतंत्र म्हणवून घेतो. इतक्या वाचनांत हे मला दिसले नव्हते. पुस्तक तेच होते.

नवे पान

मग ते आपल्याला पुस्तकाने दाखवले नाही, ‘उत्तर नागपूर’ यांनी दाखवले. मी याची नोंद करून ठेवते.

जे भांडायला परत जातात ते घाबरलेले नाहीत, एवढे मी माझ्या टिपणातून वगळायला तयार आहे. ‘रात्रपाळी’ आणि ‘कडुनिंब’ यांच्याविषयीही माझा आग्रह नाही. बाकीच्यांविषयी माझे मत कायम आहे, आणि तो कथासंग्रह अजून दाराजवळच्या मांडणीतच आहे. आपल्यापैकी कोणी नेला नाही.

कडुनिंब

शनिवारी येतो. वाचनालय किती वाजता उघडते तेवढे सांगा.

उत्तर नागपूर

महालकर, ते वाक्य मी विसरलो नव्हतो, पण त्याचा हा अर्थ मी लावला नव्हता, हे कबूल करतो. तरी ते वाक्य जेथे आहे त्याच प्रकरणात थोड्याच पानांनंतर सॅम मनोऱ्यात चढून मालकाला शोधू लागतो, आणि अखेर ज्या बागेत तो परततो ती फ्रोडोच्या घराची बाग असते. ‘स्वतंत्र माळी’ हे शब्द लेखकाने लिहिले. त्या माळ्याला स्वतःची जमीन कोठून मिळाली असती हे त्याने लिहिले नाही. मी ते प्रकरण या आठवड्यात पुन्हा काढतो आहे, आणि हा प्रश्न घेऊनच काढतो आहे.